‘दुसरा वाटा’चा पहिला प्रयोग

एका जंगलात, बाळांनो, वाचणारे थोडे होते आणि ‘वाचलंय की!’ म्हणणारे फार होते. नीट ऐका. चुळबुळ करू नका, मध्यंतराला अजून वेळ आहे.

त्या जंगलात अप्पा कासव नावाचे लेखक राहत. त्यांनी बारा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली होती, ‘दुसरा वाटा’. सगळ्या जंगलाची ती लाडकी. घरोघरी तिची प्रत. अस्वलांकडे पाहुणे आले की ती आतल्या खोलीतून बाहेर यायची. रानडुकरांनी तर लग्नात आहेर म्हणून वाटली होती. उघडली मात्र कुणी नव्हती.

नाही, चुकलो. एकीनं उघडली होती. सगुणा साळिंदरीण तिचं नाव.

सगुणाचा नवरा वणव्यात गेला. तरी ती रोज कंद उकरून आणायची, सवयीनं दोन वाटे करायची आणि दोन्हींकडे बघत बसायची. स्वतःचा वाटाही घशाखाली उतरेना. काटे गळायला लागले. तेव्हा हरिणकाकूंनी आहेरात आलेली कादंबरी तिला आणून दिली. म्हणाल्या, “आमच्याकडे दोन झाल्यात गं. तुला होईल मन रमवायला.”

कादंबरीत यमुनी नावाची म्हातारी वानरी होती. तिचा रावजी पहिल्याच पानावर पुरात वाहून जातो. यमुनी तीनशे पानं काठावर वाट बघते. रोज जांभळं वेचते, दोन वाटे करते. शेवटच्या पानावर ती आपला वाटा खाते, नदीकडे बघते आणि मग दुसरा वाटाही खाते. झालं. एवढीच कादंबरी.

ते पान वाचून सगुणा ढसाढसा रडली. रडता रडता तिनं एक कंद खाल्ला. मग दुसरा. पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी ती दोन वाटे करायची आणि दोन्ही खायची. त्या एका पानावर तगली हो बिचारी.

आणि एके दिवशी वडाच्या खोडावर पाटी लागली. ‘दुसरा वाटा’ आता रंगमंचावर! दिग्दर्शक धुरंधरराव कोल्हे. प्रमुख भूमिकेत मदन मोर!

“मोर कशाला?” सगुणा म्हणाली. “यात मोर कुठाय?”

“तो रावजी झालाय,” हरिणकाकू म्हणाल्या.

“अहो काकू, रावजी पहिल्या पानावर मरतो.”

“इश्श! मदनला पहिल्या पानावर मारून कसं चालेल? मग आम्ही बघायचं काय?”

तरीही ती गेली. तिला फक्त शेवटचं पान बघायचं होतं. आपण एकटीनं रोज जे करतो ते सगळ्या जंगलासमोर कुणीतरी करणार, या विचारानं तिला आठवडाभर झोप नव्हती. साळिंदरं दुपारी झोपतात, पण रविवारी दुपारच्या प्रयोगाला ती टक्क जागी होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या होत्या. काटे ना!

सुतारपक्ष्यानं तिसरी घंटा ठोकली. पण पडदा कसला उघडतो! आधी सत्कार. त्या जंगलाची एक रीत होती, बाळांनो. लेखकाचा सत्कार नेहमी प्रयोगाआधी करायचा, नंतर कधीच नाही. एकदा शाल अंगावर पडली आणि नारळ हातात आला की लेखक तक्रार करत नाही. कोल्हे या बाबतीत फार काळजी घेत. अप्पांना त्यांनी शाल दोनदा गुंडाळली. अप्पा पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी मान कवचात ओढून घेतली.

पडदा उघडला. पुरात वाहून जायला मदन मोराला वीस मिनिटं लागली. मध्ये दोन गाणी झाली. वाहून गेल्यावर तो यमुनीच्या आठवणीत आला, मग स्वप्नात आला, मग रावजीचा जुळा भाऊ म्हणून आला. दर वेळी पिसारा, दर वेळी शिट्ट्या. वानराला पिसारा कसा, असं कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. यमुनीचं काम एका कोवळ्या लांडोरीनं केलं होतं. म्हातारीकडे कोण बघतो?

मध्यंतरात सगळ्यांनी वडे खाल्ले आणि ‘कादंबरीला अगदी धरून आहे’ असं ठरलं. सगुणानं वडा घेतला नाही. शेवटचं पान यायचं होतं.

आलं एकदाचं. काठ. नदी. जांभळांचे दोन वाटे. लांडोरीनं आपला वाटा खाल्ला आणि नदीकडे बघितलं. लांडोरीचा हात दुसऱ्या वाट्याकडे गेला...

तोच वरून करकर करकर आवाज आला. दोरखंडाला लटकून मदन मोर खाली उतरला. “थांब यमुने, मी आलोय!” त्यानं दुसरा वाटा उचलला, स्वतःच खाल्ला आणि उरलेली जांभळं प्रेक्षकांत उधळली. अस्वलं हुंदके द्यायला लागली. रानडुकरं खुर्चीवर उभी राहिली.

सगुणाही उभी राहिली. “तो येत नाही!” ती ओरडली. “पुस्तकात तो येत नाही. कधीच येत नाही. तिला एकटीलाच खावं लागतं!”

कोल्हे रंगमंचाच्या कडेला आले आणि गोड हसले. “ताई, आपण कादंबरी वाचली आहे का?”

“वाचलीय! रोज वाचते!”

“मग आपण लेखकांनाच विचारू या. अप्पा, सांगा बरं.”

अप्पांची मान हळूहळू बाहेर आली. त्यांनी सगुणाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते त्यांना चांगलं कळलं. एवढी बारा वर्षं त्यांनी तेच तर लिहिलं होतं. मग त्यांनी भरलेल्या सभागृहाकडे बघितलं, शाल नीट केली आणि म्हणाले, “खरं सांगू? मलाही हाच शेवट हवा होता. तेव्हा कागद संपला.”

काय टाळ्या पडल्या म्हणता! मान पुन्हा आत गेली.

पुढच्याच महिन्यात कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर मोर होता. आत शेवटचं पान नवं होतं. घरोघरी जुनी जाऊन नवी आली; जुनी प्रत एकट्या सगुणाकडे राहिली.

पण त्या रविवारी प्रयोग संपल्यावर हरिणकाकू तिला घरापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. मायेनं म्हणाल्या, “धीर सोडू नकोस गं. रावजी आला ना? तसे तुझेही येतील बघ.”

सगुणानं दिवेलागणीला दोन वाटे केले. आपला खाल्ला. दुसऱ्याकडे हात नेला आणि बाहेर कुठंतरी करकर वाजलं. वाऱ्यानं वेल हलली होती, दुसरं काही नाही. ते तिलाही कळलं. पण हात तिथंच थांबला.

तो वाटा तिनं खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशीचाही नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला पहिलाही जाईना.

तात्पर्य: बाळांनो, लाडकं पुस्तक कधीही उघडू नये. ते पाहुण्यांसाठी घरात ठेवावं, त्याचं नाटक बघावं आणि मध्यंतरात वडा खावा. त्या जंगलात ज्यांनी ज्यांनी असं केलं, त्या सगळ्यांची पोटं भरलेली आहेत.