जिथून करंट घरी परत येतो

आमच्या गल्लीतले नाना गळ्यात बल्ब घालून फिरतात. मोटारीच्या दिव्यातला लहानसा बल्ब, त्याच्या होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी, आणि वायरींच्या टोकांना दातेरी चिमटे. ते चिमटे मानेमागे एकमेकांना चावले की माळ पूर्ण होते. करंट कुठवर पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही, हे पाहण्याचे ते साधन आहे; पण नानांनी ते लग्नकार्यातही उतरवलेले मी पाहिलेले नाही. एकदा अक्षता टाकताना तो बल्ब त्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर हेलकावत होता. नवरदेवाच्या मामांनी न राहवून विचारले, "हे काय हो, गुरुजी?" नाना गंभीरपणे म्हणाले, "ह्यो पेटला म्हंजे खरं. बाकी सगळं ऐकीव."

नाना शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण तपासणी थांबलेली नाही. माणसांचे निदानही ते त्याच भाषेत करतात. परीक्षेत आपटलेल्या मुलाविषयी ते म्हणतात, "बॅटरी बिलकुल फुल हाय. कनेक्शन ढिलं." अबोला धरून बसलेल्या दोन भावांविषयी, "मधी गंज चढलाय. घासावा लागंल." देवाचे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र ते दोन वाट्या खातात आणि त्याला शेवटपर्यंत शिराच म्हणतात.

या बल्बाचे कारण त्यांच्या दारात उभे असते. ती एक जुनी डिझेल गाडी आहे, माझ्या जन्माआधीची, डोळ्यांसारख्या गोल दिव्यांची. कुठल्याशा लिलावातून नानांनी ती आणली आणि तिचे चालते घर केले. आत सागवानी पलंग, कोपऱ्यात स्टोव्ह, छताशी पाण्याची टाकी, आणि खिडक्यांना कुसुमकाकूंच्या जुन्या इरकली लुगड्यांचे पडदे. दार उघडले की डिझेल, डांबराच्या गोळ्या आणि लसणाची जुनी फोडणी असा एकत्र वास अंगावर येतो. या घरात बसून नाना-काकू फार कुठे गेले नाहीत. आष्टीच्या बाजारापर्यंत एकदा गेले होते, तेवढेच. एरवी गाडी चालू होणे हीच यात्रा असायची.

कारण तिचा स्टार्टर. चावी फिरवली की कधी आतून मोठी गुरगुर उठे. नाना तिला होकार म्हणत. कधी नुसतेच 'टक्' होई, कुणी दुरून नखाने परात वाजवावी तसे. हा नकार. अलीकडे नकार वाढले होते. दोन वर्षांपूर्वी काकू अंगणात घसरून पडल्या, पाठीचे ऑपरेशन झाले, आणि तेव्हापासून त्यांना बसता येत नाही. त्या पडूनच असतात. पडूनच भाजी निवडतात आणि पडूनच सगळ्या गल्लीचे न्यायनिवाडे करतात.

दिवाळी नुकतीच सरली होती, तेव्हाची ही सकाळ. पिंपळगाव रेणुकाईहून काकूंच्या भावाचा, विठ्ठलमामांचा, फोन आला. त्यांची आई नव्वदीच्या पलीकडची. "आक्का, आईनं खाणंपिणं सोडलं. तुझंच नाव घेऊन राह्यलीय. जल्दी निघ, दुपार निघंल असं वाटंना."

शेजारचे सोनवणे बँकेत अधिकारी आहेत आणि अडचण दिसली की त्यांना ओळखीचा माणूस आठवतो. "अँब्युलन्स बोलावतो," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा आहे."

"नको भाऊ," काकू म्हणाल्या. "अँब्युलन्समधून उतरले तर आईला वाटंल, ही माझ्याआधी चालली. त्या धसक्यानंच जाईल. मला आमच्या गाडीतून न्या."

कारमध्ये त्यांना बसता येत नाही. पलंग असलेली गाडी एकच होती. नाना, सोनवणे, गल्लीतला एक मुलगा आणि मी, अशा आम्ही चौघांनी काकूंना जाड सतरंजीवर घेऊन त्या सागवानी पलंगावर निजवले. मी त्यांच्या उशाशी बसले. नानांनी टोपी सारखी केली आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. पडद्यावरचे ऊन जागच्या जागी थरथरले आणि स्थिर झाले.

"धक्का मारू या का?" सोनवणे बाही वर करत म्हणाले. "आहोत की तिघं."

"धक्क्यानं होती चालू," नाना म्हणाले, "पण गिअर पडताना झटका बसतो. हिच्या पाठीत सळया हायत, सोनवणे. बटाट्याचं पोतं न्हाई नेऊन राह्यलो."

पडद्याआडून काकू म्हणाल्या, "पोतं असते तर एव्हाना पोचले असते."

या गाडीचे इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली आहे. नानांनी झाकण उचलले. तेलाचा ऊबट, काळा वास वर आला. "वृंदा, टॉर्च धर," ते मला म्हणाले. मी पुढे जाऊन गुडघ्यांवर बसले. मागे काकू आणि आमच्यामध्ये फक्त एक इरकली पडदा होता.

नानांनी आधी पुढचे दिवे लावले आणि सोनवण्यांना चावी फिरवायला सांगितले. टक् झाले आणि दिवे विझल्यासारखे मंदावले. "बॅटरी गेली," सोनवण्यांनी निकाल दिला, आणि स्वतःच्या मोटारीची बॅटरी सोडवून आणली. जाड केबलींनी ती जोडली. टक्. नानांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने स्टार्टरच्या पाठीवर हलकेच ठोकले; आत करंट पोचवणारा कार्बनचा तुकडा अडकला असेल तर सुटावा म्हणून. टक्. मग त्यांनी गळ्यातला बल्ब काढला, एक चिमटा पत्र्याला लावला आणि दुसरा स्टार्टरच्या तोंडाशी टेकवला. बल्ब लख्ख पेटला.

"करंट इथवर बराबर येऊन राह्यलाय," नाना स्वतःशीच म्हणाले. "मंग फिरंना का?"

"तुम्हीच म्हणता ना, हा पेटला म्हणजे खरं," सोनवणे म्हणाले.

"बल्बाला घोटभर करंट पुरतो हो. स्टार्टरला नदी लागती."

ऊन वर चढत होते. पत्रा तापू लागला होता आणि काकूंच्या बांगड्यांचा आवाज मध्येच येऊन मध्येच थांबत होता. टॉर्च धरून बसलेल्या माणसाला दुसरे काम नसते, म्हणून मी नानांचा हात पाहत राहिले. तो हात प्रत्येक वायरीवरून फिरला, प्रत्येक जोड चाचपून आला, फ्यूज काढून पुन्हा बसवून आला. एका कोपऱ्याशी मात्र तो दर वेळी जाई आणि तसाच मागे वळे. बॅटरीतून निघालेली विणलेल्या तांब्याची एक रुंद पट्टी तिथे खाली उतरून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली होती.

फोन वाजला. विठ्ठलमामा. "निघाले का? डोळे मिटून पडलीय. हात तेवढा हलवून राह्यलीय."

"निघालो की," काकू शांतपणे म्हणाल्या. "राजूर मागं पडलं आत्ताच."

गाडी दारातून एक वीतभरही हलली नव्हती. गल्लीतला भंगारवाला ओरडण्यासाठी तोंड उघडत होता. सोनवण्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

मग पडद्याआडून बारीक, आवळलेला आवाज आला. "अहो. मी हळदीकुंकू लावायची, तिथं बघितलं का?"

"तिथं काय न्हाई."

"बघितलं का?"

नानांनी हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. "न्हाई," ते म्हणाले.

गाडी नवीन आली तेव्हाची ही हकिकत काकूंनी मला पूर्वी सांगितली होती. नानांनी त्यांना पुढे बसवून धडा दिला होता. करंट बॅटरीतून निघतो, दिव्याकडे जातो, हॉर्नकडे जातो, स्टार्टरकडे जातो. पण नुसते जाऊन भागत नाही, त्याला परत यावे लागते. तो गाडीच्या अंगातून फिरून येतो आणि या बोल्टापाशी, या पट्टीतून, घरी परत येतो. बाकीचा धडा काकू विसरल्या. त्या वर्षीच्या खंडेनवमीला गल्लीतल्या लोकांनी आपापल्या वाहनांच्या कपाळी कुंकू लावले, हार घातले. काकूंनी झाकण उचलून त्या बोल्टाला तेलाचे बोट लावले आणि वर हळदीकुंकू वाहिले. नानांनी त्यांना वाहक आणि रोधक पदार्थांविषयी पुष्कळ सांगितले. काकूंनी ते ऐकून घेतले. "जिथून घरी परत यायचं," त्या म्हणाल्या, "तिथं नको का लावायला?" आणि आणखी एक चिमूट वाहिली.

मी टॉर्च त्या कोपऱ्यात वळवला. बोल्टाभोवती कुंकवाची एक गाठच झाली होती. तळाचे थर जांभळासारखे काळे, त्यांच्यावर विटकरी, आणि सगळ्यांत वर एक थर ओलसर, लालभडक, हळदीच्या पिवळ्या काठाचा. तेलातून ते सगळे झिरपून पट्टी आणि लोखंड यांच्या मध्ये बसले होते.

काकू दोन दसरे पलंगावरून उठलेल्या नव्हत्या.

"नाना," मी हळूच म्हणाले, "हे या दसऱ्याचं आहे."

"असंल."

"तुम्ही?"

त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. "ती पडल्या पडल्या इचारायची, लावलं का म्हणून."

"लावलं असं नुसतं सांगता आलं असतं. त्यांना कुठं दिसत होतं?"

"आलं असतं की." नाना पाना पुसत होते, तो आधीच स्वच्छ होता. "पण त्याच्यावर ती 'बरं' म्हणायची. समाधानानं. ते 'बरं' मी कसं घेणार, फुकटचं?"

"आणि बिघाड इथेच असणार, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

"जल्मभर इज्ञान शिकवलंय, पोरी," नाना म्हणाले. "सगळीकडं बघितलं. म्हटलं, दुसरं काही निघतंय का."

मग ते पडद्याशी वाकले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडी मी काकूंचे नाव ऐकले नव्हते. "कुसुम," ते म्हणाले, "ते खरडावं लागंल."

बांगड्या वाजल्या नाहीत.

"खरडा की मंग," काकू म्हणाल्या. "आई थांबलीय."

नानांनी बोल्ट सैल केला आणि चाकूने खरडायला सुरुवात केली. तेल पिऊन घट्ट झालेले थर खपल्यांसारखे निघत होते. तिळाचे तेल, जुनी हळद आणि लोखंड यांचा मिळून एक गोडसर वास झाकणाखालून वर आला. घरातल्या देव्हाऱ्याचा वास आणि गॅरेजचा वास एकाच जागी. मग त्यांनी पॉलिशपेपर घेतला. घासता घासता त्या काळोखात नाण्याएवढे लोखंड उजळले. पट्टी परत बसली. बोल्ट आवळताना नानांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

चावी फिरली. गाडी आधी जडपणे, मग एकदम, पोटातून गुरगुरली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोनवणे खिडकीशी धावत आले. "काही झालं तरी इंजिन बंद करू नका. बराबर?" नानांनी मान हलवली आणि गाडी गल्लीबाहेर काढली.

वाटेभर नाना खड्डा आला की असे हळू होत, जणू काचेची वाटी भरून नेत आहेत. पडद्याच्या फटीतून काढलेल्या सोयाबीनचे बोडके पट्टे, वेचणीला आलेला कापूस दिसत होता, आणि मळणीच्या भुशाची कोरडी, गव्हाळ धूळ येत होती. राजूरच्या गणपतीचे शिखर दिसले तेव्हा काकूंनी पडल्या जागेवरून हात जोडले. "आता गेलं खरं राजूर," त्या पुटपुटल्या. भोकरदन आले तरी फोन वाजला नाही. तो वाजावा असे वाटत होते, आणि वाजू नये असेही.

पिंपळगावात विठ्ठलमामांनी फाटक उघडून ठेवले होते. आई अजून होती. ओसरीच्या अगदी कडेला बाजेवर आणून ठेवलेली, सुकलेल्या शेंगेसारखी हलकी. नानांनी गाडी वळवली आणि मागच्या बाजूने, बोटाबोटाने, ओसरीला आणून टेकवली. मागचे दार उघडले. सागवानी पलंग आणि बाज जवळजवळ एका पातळीत आले. काकूंनी हात लांबवला आणि तो आईच्या हाताला लागला.

म्हातारीचे ओठ हलले. इंजिनच्या धडधडीत काही कळेना.

"काय म्हणती?" काकूंनी विचारले. "विठ्ठल, काय म्हणती आई?"

"तुलाच सांगून राह्यली. मला नाही उमगत."

नानांनी चावी मागे फिरवली. गाडी एक आचका देऊन थांबली. स्टोव्हशेजारची भांडी थरथरायची थांबली. आणि त्या जागेत पाझरावा तसा आवाज आला. "कुसू. उन्हाची आलीस. जेवली का?"

"जेवले," काकू म्हणाल्या.

"न्हाई जेवली, मामी," नाना पुढून, मान न वळवता म्हणाले. "सकाळधरनं काय न्हाई पोटात."

"मंग वाढा की तिला," म्हातारी म्हणाली.

दूधभाकरीची वाटी आली. आई खाणार नसेल तर मीही खाणार नाही, असे काकू धरून बसल्या. आणि दोन दिवस घास न घेतलेल्या त्या बाईने लेकीच्या बोटांवरचे एवढेसे दूध चाखले. विठ्ठलमामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी उतरले. नाना मात्र बसूनच होते.

"या की दाजी, आत या. चहा टाकलाय," मामांनी हाक मारली.

"इथंच द्या," नाना म्हणाले.

मी खिडकीशी गेले. अंगण ओसरीपासून फाटकाकडे उतरते होते, आणि नानांचा उजवा पाय ब्रेकवर ताठ रोवलेला होता.

"हँडब्रेक धरत न्हाई हिचा," ते हळूच म्हणाले. "सरकली तर मधी फट पडंल."

"मामांनी चाकाखाली दगड लावलाय, नाना. मोठा आहे. मी पाहिला."

"बघितला मी पण," नाना म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून कप घेतला. मागे ओसरीवर त्या दोघी एकमेकींशी काहीतरी बोलत होत्या, अगदी खालच्या आवाजात. "असू दे पाय," ते म्हणाले. "होऊ दे त्यांचं बोलून."

उन्हे फाटकापलीकडे उतरेपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.