रिकामी नळी

सातव्या नळीतलं औषध पुन्हा केसभर खाली गेलं होतं. बाईंनी डोळे बारीक केले आणि शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे चष्मेवाले सहकारी नेहमीसारखे भोळा चेहरा करून बसले होते. इतका भोळा चेहरा निष्पाप माणसाचा नसतोच, असं बाईंचं ठाम मत होतं.

त्या नळीत बाईंची अठरा वर्षं होती. डीएनएचे छोटे तुकडे शरीरात सोडले, की तिथली एन्झाइम्स त्यांचा फडशा पाडतात. बाईंनी तुकड्यांची रचनाच अशी बदलली होती, की ते टिकावेत आणि आजारी पेशी सुधाराव्यात. सोमवारी समिती येणार होती. परिणाम दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. आणि माल एवढाच उरला होता.

"किती उरलंय हो तुमचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"का? तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही, आपलं सहज."

सहज म्हणे. बाईंनी त्याच दिवशी डाव टाकला. औषधातलं पाणी यंत्रात सुकवून टाकलं. तळाशी जो थर उरतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. मग नळीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रिकामी', आणि ती सगळ्यांच्या रिकाम्या नळ्यांच्या डब्यात ठेवून दिली. रिकामी नळी कोण चोरतंय? फ्रीजमध्ये तिच्या जागी साध्या पाण्याची नळी ठेवली, चोराच्या स्वागताला.

शुक्रवारी डबा उघडला, तर नळी गायब. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चष्मेवाल्यांचा खण उचकला. दोन बिस्किटं आणि एक कंगवा निघाला. माणसाला चक्क टक्कल होतं, त्यामुळे कंगव्याचाही संशय आला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, सरळ विचार ना त्यांना."

"विचारलं तर सावध होतील."

सोमवारी बाई समितीपुढे हात हलवत येऊन बसल्या. पण आधी उठले चष्मेवाले. चेहरा पार उतरलेला.

"त्याच आजारावरचं माझं औषध फसलं," ते म्हणाले. "तुलनेसाठी काही आजारी पेशींना नुसतं पाणी दिलं होतं. औषधवाल्या पेशी आहेत तशाच, आणि पाण्यावरच्या ठणठणीत. माझ्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय." आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"पाणी कशात ठेवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"रिकाम्या नळीत. वर तसं लिहिलेलंच होतं."

अठरा वर्षं सार्थकी लागली होती. पण ते सांगायचं, तर स्वतःचा संशयखोरपणाही चारचौघांत सांगावा लागणार होता. बाईंनी सगळं सांगून टाकलं, खणाचंसुद्धा.

"म्हणजे प्रयोग करणाऱ्यालाच पत्ता नव्हता," अध्यक्षबाई खूश झाल्या. "याहून चोख पुरावा कुठला? पण मग औषध चोरत कोण होतं?"

"फ्रीज," मागे उभा असलेला प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ म्हणाला. "नळ्यांची झाकणं सैल आहेत, आतलं सुकत जातं. बाईंना सांगणार होतो, पण त्या माझ्याकडेही तशाच बघायच्या."

प्रकल्पाला पाच वर्षं मिळाली, दोघांच्या नावाने. बाईंनी झटकन सही केली. चष्मेवाल्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही तपासली.

"वर लिहिलंय तेच आहे ना यात, बाई?" त्यांनी विचारलं.