मधोमध बसणाऱ्या बनाना ब्रेडचा तपास

आपल्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, असं भावोजी स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यांनी फार पूर्वीच ताडलं होतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, पण तो म्हणे निव्वळ देखावा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवता टेकवता त्याच्या सात पिढ्यांची पापं आपल्याला दिसतात, असा त्यांचा दावा होता. आजवर त्यांच्या हातून एकही गुन्हा उकलला नव्हता, याचा दोष ते सरळमार्गी शेजाऱ्यांना देत.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा. हे पद त्याने मागितलं नव्हतं. पण बहिणीच्या घरी राहायचं आणि तिच्या हातचं जेवायचं, तर काहीतरी सोसणं आलंच.

या खेपेचा गुन्हा घरातच घडला होता. ताईचा बनाना ब्रेड भाजताना मधोमध खचत होता. कडा ताठ, रंग सुरेख, आणि मधे खड्डा, जणू कुणीतरी त्यावर बसून उठलंय. दोनदा असं झालं होतं. आणि आज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण चव बघायला येणार होती. तिला पसंत पडला तर रोजची ऑर्डर, म्हणजे लोकांच्या पँटी आखूड करण्यातून ताईच्या पाठीची सुटका. नाहीतर पुन्हा शिलाई मशीन आहेच. ताई रोज कंबर शेकत बसते, ते बघून मेहुण्याला फार वाईट वाटायचं.

ताईने आपल्या परीने सगळं तपासलं होतं. सोडा व्हिनेगरमध्ये टाकला, तो झकास फसफसला. केळी सालीवर काळे डाग पडेपर्यंत पिकवलेली, मैदा हलक्या हाताने मिसळलेला. भावोजींनी हे सगळे पुरावे बाजूला सारले. गुन्हे वस्तू करत नाहीत, माणसं करतात, असं त्यांनी भिंग पुसत सांगितलं.

पहिला संशय फळवाल्यावर. त्याने केळी देताना नजर चुकवली होती. भावोजी दिसेल त्याला चष्मा लावायला निघतात, म्हणून सगळी गल्लीच त्यांची नजर चुकवते, हे मेहुण्याने बोलून दाखवलं नाही. दुसरा संशय वरच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकावर. तो दोरीवरच्या उड्या मारतो, जमीन हादरते आणि ब्रेड धसका घेतो. मेहुणा वर जाऊन बघून आला, तर मास्तरांचा पाय आठवडाभर प्लास्टरमध्ये. प्लास्टर बनावट असणार, असं भावोजी म्हणाले. मग केळी कुणी कुस्करली याची चौकशी झाली आणि मेहुणा स्वतःच आरोपी ठरला. आरोपी आणि सहायक अशी दोन्ही कामं तो निमूट करू लागला.

तिसरा ब्रेड ओव्हनमध्ये गेला तेव्हा गुन्हा घडतानाच पकडायचा म्हणून भावोजी समोर ठाण मांडून बसले. शेजारी खुर्चीत त्यांची आई नेहमीसारखी स्वेटर विणत होती.

ब्रेड बाहेर आला. मधे खड्डा होताच.

ताई नुसती स्टुलावर बसून राहिली.

"हा सारखं दार उघडतो ना," सासूबाई टाके मोजत म्हणाल्या. "आधी वास घ्यायला उघडायचा, आज भिंग घेऊन उघडत होता. गार वारा लागला की बसणारच तो."

"आई, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझे पाय गार पडतात गं. दार उघडलं की छान ऊब येते. आणि मला कुणी विचारलं?"

भावोजींचं म्हणणं पडलं, की ओव्हनची काच काळवंडलेली, दार न उघडता तपास करायचा कसा? शिवाय साक्षीदार फितूर आहे. ताईने दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. टोपलीत अजून एका ब्रेडपुरती केळी होती. तिने हात पुसले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "अहो, फळवाल्याबद्दल तुमचं बरोबर असेल. त्याच्यावर नजर ठेवायला हवी. आत्ताच."

भावोजींनी दुकानातला सगळ्यात काळा चष्मा चढवला आणि मेहुण्याला घेऊन फळवाल्यासमोरच्या रिकाम्या खोक्यांमागे दबा धरला. फळवाल्याने दोघांना बसायला एक खोकं पुढे सरकवून दिलं.

ते परतले तेव्हा कॅफेची मालकीण दुसरा तुकडा खात होती. ब्रेड मस्त फुगला होता, माथ्यावर हवी तशी भेग पडलेली. रोज सकाळी ताजे हवेत, असं ठरवून ती गेली. आपली पाळत बघून फळवाला घाबरला आणि त्याने कारस्थान आवरतं घेतलं, असं भावोजींनी जाहीर केलं. कुणीच वाद घातला नाही. ताई मशीनवर कापड टाकताना हसत होती, आणि ते बघून मेहुण्यालाही बरं वाटलं.

ते बरं वाटणं सकाळपर्यंत टिकलं. ताईने सासूबाईंच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, ओव्हन लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज मला त्या इस्त्रीवाल्याचा संशय येतोय."

भावोजी टोपी शोधायला धावले. ताईने मेहुण्याच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"तासभर तरी आणू नकोस त्यांना," ती हळूच म्हणाली. "कॅफेला रविवारी सुट्टी असते. तुलाही."