डावखुरा कामगार

आमच्या शेजारच्या खैरनारकाकांनी मला पहिल्यांदा घरात बोलावलं तेव्हा पेरू कापून दिला. दगडाने. खोटं वाटेल, पण ताटलीत पेरू होता, बाजूला तिखटमीठ होतं, आणि सुरी असायला हवी तिथे काकांच्या चिमटीत एक पातळसा तांबूस दगड होता. सर्रकन पेरूच्या चार फोडी झाल्या. मी माझी फोड हातात धरून तशीच बसले.

"घ्या मीनाताई. सुरीच्या आधीची सुरी आहे ही."

"धुतलीय ना?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"धुतलीय की! हजारो पावसाळे धुतलीय."

बाप रे! इंदिरानगरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अहो, फ्लॅटचे कागद दहादा तपासलेत, शेजाऱ्यांची चौकशी नको होती का करायला?

काका ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. टूलरूममध्ये इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, हेच आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर चुका काढायला घरात एकट्या काकू उरल्या. पोळीची जाडी सगळीकडे सारखी नाही, असं काका तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा काकूंनी त्यांना चपला हातात दिल्या आणि फिरून या म्हणून सांगितलं. फिरत फिरत काका गंगापूरच्या बाजूला गंगेच्या काठी गेले. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथे गोट्यांच्या ढिगात त्यांना एक हातकुऱ्हाड सापडली. लोखंड कशाला म्हणतात हे माहीत नसलेल्या माणसांनी दगडावर दगड मारून केलेली. कॉलेजात दाखवली तर खरी निघाली! झालं, काका त्या दिवसापासून पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

त्या माणसांना ते आदिमानव वगैरे म्हणत नाहीत. 'सिनियर' म्हणतात. "आमच्या खात्यातले सिनियर लोक." दर रविवारी सकाळी गंगेवर जायचं, सापडलेला दगड घरी आणायचा, भिंगाखाली फिरवायचा आणि कामगाराबद्दल शेरा द्यायचा. "हा घाईत होता." "हा ट्रेनी दिसतोय, चार ठिकाणी उगाच ठोकलंय." मग दगडाला कारखान्यातल्यासारखी चिठ्ठी. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळी म्हणजे माल थांबवून ठेवलाय, निर्णय बाकी आहे. माणूस खूश झाला की थेट आपल्या गावच्या, देवळ्याच्या बोलीत शिरायचा. "मापायला व्हर्नियर नाही, गेज नाही, तरी दोन्ही बाजू सारख्या! काय काम शे!"

पुतण्याच्या लग्नात तर कहर केला. त्या दिवशी त्यांनी गारगोटीच्या टवक्याने दाढी केली. वरपक्षाचे काका मांडवात उभे, आणि गालावर कापसाचे तीन बोळे! मी अक्षरशः तोंडावर हात ठेवला. काका मात्र शांतपणे मला म्हणाले, "धारेला दोष देऊ नका. माझा अँगल चुकला."

काकू हसायच्या. मोठ्याने नाही, पदरात. त्याही देवळ्याकडच्याच, कांद्याच्या शेतातल्या. सगळं डाव्या हाताने करायच्या, भाजी चिरण्यापासून रांगोळीपर्यंत, आणि सासरी आल्यावर त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली होती म्हणे. दगड हा विषय त्यांना कवडीइतकाही आवडत नव्हता. पण नवरा घराबाहेर जातोय आणि हसत परत येतोय, एवढं त्यांना पुरे होतं.

मग नदीकाठचे गोटे ट्रॅक्टरने उचलून न्यायला सुरुवात झाली. काकांना दगड सापडेना. एक रविवार गेला, चार गेले, पावसाळा गेला. काका रिकाम्या पिशवीने यायचे आणि गॅलरीत बसायचे. पोळीच्या जाडीबद्दलसुद्धा बोलेनात. काकू मला म्हणाल्या, "मीना, हा माणूस माझ्या चुका काढत नाही गं हल्ली. मला भीती वाटते."

आणि मग एका दुपारी मी साखर मागायला गेले आणि दारातच थबकले. काका बँकेत गेले होते. काकू गॅलरीत फतकल मारून बसल्या होत्या, डोळ्यांवर काकांचा कारखान्यातला जाड चष्मा, डाव्या हातात वरवंटा, आणि दणादण गारगोटी फोडत होत्या! गॅसवर पातेल्यात चहा उकळत होता. मी आत डोकावले तर चहात दगड!

"अगंबाई काकू! हे काय?"

"ओरडू नकोस. रंग जुना दिसायला हवा ना? घाबरू नकोस, तुला देते त्या चहाचं पातेलं वेगळं आहे."

भावाकडून देवळ्याहून, शेताच्या बांधावरून त्यांनी पिशवीभर गारगोट्या मागवल्या होत्या. त्या फोडायच्या, चहात उकळायच्या, कुंडीतल्या मातीत आठ दिवस पुरायच्या, आणि शनिवारी नेऊन गंगेवर ठेवायच्या, म्हणजे रविवारी काकांना सापडतील. नेणार कोण? मी! माझ्या स्कूटरवरून, काकूंना मागे बसवून!

मी म्हटलं, काकू, ही शुद्ध फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, "हो, आहे. हेल्मेट घाल."

पहिल्या रविवारी काका जिना चढत आले ते ओरडतच. "सापडला! मीनाताई, सापडला!" त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले, आणि दुसरी कडेला कच्ची आहे असंही म्हणाले. काकूंनी गॅलरीच्या भिंतीआडून मला हे दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दगडाला मात्र माझं धाबं दणाणलं. काकांनी भिंग लावलं, दगड उजव्या हातात धरला, मग डाव्या हातात धरला आणि म्हणाले, "कामगार डावखुरा शे!" मी काकूंकडे बघितलं. काकू डाव्या हाताने मटार सोलत होत्या. त्यांनी शेंग हळूच उजव्या हातात घेतली. काकांनी पुढे काही विचारलं नाही. आम्ही सुटलो असं मला वाटलं.

दोन वर्षांत असे अकरा दगड झाले. मधल्या काळात मी इतकी सराईत झाले की ट्रॅफिक हवालदाराने थांबवलं तरी डिकीतल्या दगडांपायी मला घाम फुटेना.

बारावा दगड काकूंनी एका शुक्रवारी मला रुमालात बांधून दिला. त्यांना बरं वाटत नव्हतं. "उद्या तू एकटीच जा. आणि खाली नको ठेवूस, जांभळाजवळच्या उंचवट्यावर ठेव. त्यांना हल्ली वाकायला होत नाही." शनिवारी पहाटे त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

दगड माझ्याकडेच राहिला. द्यायचा कसा? काका, तुमच्या बायकोने तुम्हाला दोन वर्षं फसवलं, असं सांगून? की स्वतःच नेऊन ठेवायचा, गेलेल्या बाईच्या नावावर पुन्हा फसवायला? मला काहीच जमेना. मी तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकला, काडेपेट्या आणि रबरबँडच्या शेजारी. काका दर रविवारी गंगेवर जात राहिले. आठ महिने पिशवी रिकामी.

मग काका म्हणाले, दगड कॉलेजला देऊन टाकतो. पुरातत्त्व शिकवणाऱ्या एक मॅडम बघायला येणार होत्या. माझी तर झोपच उडाली. त्या काकूंचे दगड बघणार, खोटे आहेत म्हणणार, आणि काकांच्या हातात काकूंचं म्हणून जे काही उरलं होतं, तेही खोटं ठरणार! मी रजा काढली आणि सकाळपासून काकांकडे ठाण मांडून बसले.

मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्याकडे काकांपेक्षा मोठं भिंग होतं. हातकुऱ्हाड बघून त्या खुर्चीतून उठल्याच. "काका, ही लाखभर वर्षांच्या घरातली असेल." काका लाजले, जसं काही त्यांनीच केली होती. एकेक खोका उघडत गेला. शेवटचा, निळ्या झाकणाचा खोका तेवढा राहिला. तो मी ओळखत होते, काकूंचे दगड त्यातच होते. मॅडमचा हात तिकडे गेला की मी म्हणायचे, "मॅडम, चिवडा घ्या!" तिसऱ्यांदा चिवडा घेतल्यावर त्यांनी झाकण उघडलंच.

अकरा दगड, कापसावर ठेवलेले. प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी. मॅडमनी एक उचलला, फिरवला, दुसरा उचलला. त्यांच्या भुवया वर गेल्या. "काका, हे मात्र..."

"तो खोका द्यायचा नाही," काका म्हणाले. "तो माल आमच्या घरचा आहे."

माझ्या हातातून चिवड्याची बशी पडली.

"पहिल्या दगडाला मी फसलो, कबूल करतो," काका मॅडमना सांगत होते, पण बघत होते माझ्याकडे. "दुसऱ्याला कळलं, हात डावा आहे. तिसऱ्याला कळलं, गारगोटी देवळ्याची आहे. हिच्या माहेरच्या बांधावरची. तिथलं पाणी जातं गिरणेला, गंगेत ती येईल कशी? आणि पाचव्याला..." काकांनी तो खोक्यातून उचलला. "पाचव्याला आल्याचा वास होता. सिनियर लोक आल्याचा चहा पीत नव्हते."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" मी जवळजवळ किंचाळलेच. "काका, दोन वर्षं? मी शनिवार-शनिवार जीव मुठीत धरून..."

"बोललो असतो तर ती थांबली असती हो." त्यांनी अकरावा दगड उचलून उजेडात धरला. "सुधारत होती बघा. पहिल्यात नुसती ठोकाठोकी आहे. ह्याची धार बघा. लाल चिठ्ठी लावायला हात होईना, आणि हिरवी लावली असती तर माझ्या नोकरीशी बेइमानी झाली असती. म्हणून पिवळी."

मॅडमनी दगड हळूच कापसावर ठेवला आणि झाकण लावलं. त्या गेल्यावर काका मला म्हणाले, "मीनाताई, एक विचारू? अकराच आहेत. ही बाई केळी आणायची तर डझन, बांगड्या भरायची तर डझन. अकरावर थांबायची नाही ती. मी आठ महिने बघतोय."

मला रडूच फुटलं. आठ महिने हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी गोटे उलटेपालटे करत होता, आणि दगड माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला! मी तशीच उठले. "आणते, आत्ता आणते!"

काकांनी हात वर केला. "हातात देऊ नका. जागेवर ठेवा."

शनिवारी मी स्कूटर काढली. मागची सीट रिकामी होती. जांभळाजवळच्या उंचवट्यावर दगड ठेवला आणि काकू सांगायच्या तशी वर थोडी माती भुरभुरवली.

रविवारी नऊ वाजता बेल वाजली. दारात काका. पँटला माती नाही, गुडघे स्वच्छ. वाकावं लागलंच नव्हतं. त्यांनी मूठ उघडली.

"कामगार डावखुरा," ते म्हणाले. "काय काम शे!" आणि खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यासमोरच दगडाला बांधली. हिरवी.

मग त्यांनी दगड नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"आलं," काका म्हणाले.

त्यांनी दगड माझ्यापुढे धरला. मी वास घेतला. आठ महिने काडेपेट्यांत पडलेल्या दगडाला कसला वास असणार?

"हो काका," मी म्हटलं. "आलं."