शेवटच्या भागाची पेपरफुटी

"बाबा, वर पंख्याकडे बघा."

"बघतोय."

"डोळा मिटलाय तुम्ही."

"मी उघडाच ठेवलाय. तो आपला आपण मिटतोय."

औषधाची बाटली हातात धरून जावई सासऱ्यांच्या उशाशी उभा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यात थेंब टाकायचं काम त्याच्याकडे आलं होतं. सासूबाईंचा हात थरथरायचा आणि बायको बाबांच्या डोळ्यात थेंब टाकताना स्वतःचेच डोळे गच्च मिटून घ्यायची. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे हात स्थिर. शिवाय अडकलेल्या लिफ्टबाहेर उभं राहून आतल्या घाबरलेल्या माणसांशी अखंड बोलत राहायचं आणि बोलता बोलता त्यांना बाहेर काढायचं, ही त्याची हातोटी होती.

फक्त सासऱ्यांशी काय बोलावं, हे त्याला लग्नापासून सुधरत नव्हतं. सासरे विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. अख्खी इमारत त्यांना अजून कंट्रोलरसाहेब म्हणायची. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पेपर फुटला नव्हता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापून येईपर्यंत त्यांनी नवऱ्यामुलाचं नाव सख्ख्या भावालासुद्धा कळू दिलं नव्हतं. अशा माणसाशी हवा आणि ब्लडप्रेशर हे दोन विषय संपले की जावई भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचा.

मग अलीकडे त्याला सासऱ्यांचं वेड सापडलं. ब्रिटिश गुन्हेगारी मालिका! त्यांचं नाव काढायचा अवकाश, कंट्रोलरसाहेब खुर्चीत सरसावून बसत.

"त्या गावात माणसं किती? मूठभर. दर वर्षी त्यातली निम्मी मरतात. तरी शेवटच्या भागात जत्रेसारखी गर्दी! येतात कुठून?" ते विचारत. "आणि पोलीस खुनाची चौकशी करतायत, तर हा गडी घोड्याला खरारा करत उत्तरं देतोय. आपल्याकडे नळ दुरुस्त करणारा आला तरी आपण हातातलं काम टाकून उभे राहतो."

"मग बघता कशाला?" सासूबाई स्वयंपाकघरातून विचारत.

"प्रामाणिक असतात म्हणून. उत्तर कायम समोर ठेवलेलं असतं. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न नाही!"

सासूबाईंचा ओढा हिवाळी सुट्टीच्या सिनेमांकडे होता. मोठ्या शहरातली, मोठ्या हुद्द्यावरची मुलगी लाल कोट घालून बर्फातल्या गावात येते, तिची गाडी अडकते, सुतारकाम करणारा एक देखणा माणूस ती काढून देतो आणि शेवटी दोघांचं जुळतं. "एवढ्या बर्फात एकीला सर्दी होत नाही, आणि हातातले कप रिकामे असतात, हलवतात त्यावरून कळतं," असं त्यांचं परखड मत होतं. तरी त्या बघायच्या. शेवट माहीत असतो म्हणूनच बघायच्या. दिवसभर धक्के काय कमी बसतात, असं त्यांचं म्हणणं.

तर कंट्रोलरसाहेबांची सध्याची मालिका ऐन रंगात आली होती. जमीनदाराचं प्रेत पाणचक्कीच्या तळ्यात तरंगत होतं आणि फक्त शेवटचा भाग उरला होता, एवढ्यात ऑपरेशनची तारीख आली. तपासणी होईपर्यंत टीव्ही बंद, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. साहेबांनी काळा चष्मा लावून ते दिवस कसेबसे काढले. आज सकाळी परवानगी मिळाली होती. संध्याकाळच्या खेळासाठी ते दुपारीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. आणि सासऱ्यांचं बघून झालं की लगेच चर्चा करता यावी, म्हणून जावयाने तो भाग काल कामावरून आल्यावर अंथरुणात पडून मोबाइलवर बघून ठेवला होता.

"हलू नका हं बाबा. झालंच," तो सवयीच्या सुरात बोलायला लागला. "आज मजा आहे तुमची. मी कालच बघितला. काय काम केलंय त्या गुरांच्या डॉक्टरने! वासरांना दूध पाजणारा माणूस, कुणाला स्वप्नात तरी वाटेल का, की त्यानेच मालकाला—"

थेंब गालावर पडला.

सासऱ्यांचा डोळा आता टक्क उघडा होता.

"पेपर फुटला," ते म्हणाले.

"नाही नाही! बाबा, गंमत केली," जावई घाईघाईने म्हणाला. "तो नाहीच. ती चर्चमध्ये बाजा वाजवणारी बाई आहे ना, ती."

"फोडणारा सापडला की हेच म्हणतो. खोटा होता, गंमत होती." कंट्रोलरसाहेबांनी शांतपणे गाल पुसला आणि भिंतीकडे तोंड केलं. "परीक्षा रद्द. संध्याकाळी टीव्ही लागणार नाही."

स्वयंपाकघरात तातडीची बैठक भरली.

"त्या एका भागावर ते इतके दिवस तग धरून होते," सासूबाई म्हणाल्या. "आता आठवडाभर माझं डोकं खातील. तुम्हाला दुसरं काही बोलायला मिळालं नाही का हो? हवापाणी होतं की."

"अरे, तू लोकांना लिफ्टमधून बाहेर काढतोस की आत ढकलतोस?" बायको म्हणाली. पण डोकं तिचंच चाललं. "बाबांना आता दोन नावं माहीत आहेत ना? मग आपण आणखी फोडू. इतकी फोडू की खरं कुठलं ते कळायलाच नको."

ती लगेच खोलीत गेली. "बाबा, याचं काही ऐकू नका. दारूच्या गुत्त्याचा मालक आहे खुनी. मीही बघितलंय."

"तू या मालिकांचा आवाज आला तरी दार लावून घेतेस," भिंतीकडे बघत साहेब म्हणाले.

मग सासूबाई गेल्या. त्यांनी ती मालिका कधी धड बघितली नव्हती. पण नवऱ्यासाठी वाटेल ते करायची तयारी होती. "अहो, मला तर वाटतं त्या लाल कोटवालीने केलं. शहरातून आली ना, तिने."

"लाल कोट या मालिकेत कुणीही घालत नाही."

"मग निळा असेल. धुवून रंग गेला असेल."

इकडे दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर साहेबांच्या डोळ्याची चौकशी करायला आले होते. जावयाने त्यांना दारातच गाठलं आणि कुजबुजत विनंती केली, "डॉक्टर, एवढी मदत करा. माझ्या तोंडून बाबांना खुनी कळलाय. गुरांचा डॉक्टर. तुम्ही आत जाऊन फक्त सांगा, पोस्टमन आहे म्हणून."

दातांच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कुठल्या मालिकेत?" त्यांनी विचारलं. "ती पाणचक्कीची? अहो, तो भाग मीही बघायचा राखून ठेवला होता! कंट्रोलरसाहेबांना बरं वाटलं की एकत्र बघायचं, असं ठरलं होतं आमचं!"

ते तडक आत गेले आणि कंट्रोलरसाहेबांच्या पलंगावर, पायाशी, धप्पकन बसले.

"तुम्हालाही?" साहेबांनी वळून विचारलं.

"मलाही. दारातच. चप्पलसुद्धा काढू दिली नाही."

"म्हणजे दुसऱ्या केंद्रावरही पोचला." साहेब उठून बसले. दुःखात सोबती मिळाल्याने त्यांना जरा तरतरी आली होती. "तुम्हाला काय सांगितलं?"

"गुरांचा डॉक्टर. आणि तुम्हाला पोस्टमन सांगायला सांगितलं."

"मला इथे डॉक्टर, बाजेवाली, गुत्तेवाला आणि एक लाल कोट मिळालाय." साहेब विचारात पडले. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "लाल कोट बाद. फोडणाऱ्याच्या एकाही शब्दाचा भरवसा नाही, तेव्हा पोस्टमन धरून उरले चार. डॉक्टर, याला पेपरफुटी म्हणता येणार नाही. हा तर बहुपर्यायी प्रश्न झाला!"

दाराआडून ऐकणाऱ्या तिघांनी सुटकेचा श्वास सोडला.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीतला टीव्ही लागला. दोघं म्हातारे पुढच्या खुर्च्यांवर, सासूबाई मुलीसह मागे. जावई दाराजवळ स्टुलावर बसला, म्हणजे वेळ पडली तर सटकता यावं. एकट्या त्यालाच पुढचं ठाऊक होतं. थोड्याच वेळात तो मळक्या कोटातला इन्स्पेक्टर गोठ्यात शिरणार आणि गुरांच्या डॉक्टरला बेड्या घालणार. मग चार पर्याय, बहुपर्यायी प्रश्न, सगळंच मुसळ केरात.

आणि तसंच झालं. इन्स्पेक्टर गोठ्यात शिरला. गुरांच्या डॉक्टरने वासराच्या तोंडातली बाटली काढली, माफी मागितली आणि हात पुढे केले. दोन्ही म्हातारे एकाच वेळी मागे वळले. चार डोळे, त्यातला एक नुकताच स्वच्छ झालेला, जावयावर खिळले. जावयाने मान खाली घातली.

"अजून बराच वेळ बाकी आहे बाबा," बायको चाचरत म्हणाली.

"पेपर सोडवून झाला की उरलेला वेळ शाई वाळवायला असतो," साहेब कडवटपणे म्हणाले.

पण पडद्यावर काही वेगळंच सुरू झालं. इन्स्पेक्टर गाडीत बसता बसता थांबला. त्याने कुठूनशी हळू येणारी सुरावट ऐकली आणि तो तसाच चर्चकडे निघाला.

"आँ?" जावई एकदम ओरडला. "हे कुठून आलं?"

"गप्प बसा!" दोन्ही म्हातारे खेकसले.

चर्चमध्ये बाजा वाजवणारी बाई पट्ट्यांवरची धूळ फडक्याने पुसत होती. धूळ पुसता पुसताच तिने सगळं कबूल केलं. जमीनदाराला तिनेच ढकललं होतं; गुरांचा डॉक्टर तिला वाचवण्यासाठी गुन्हा अंगावर घेत होता. मग तिने फडकं नीट घडी करून ठेवलं आणि 'सॉरी' म्हणून पोलिसांबरोबर निघाली.

नावं सरकायला लागली. कंट्रोलरसाहेबांनी सावकाश खुर्ची वळवली.

"बाजेवाली," ते म्हणाले. "दुपारी तुम्ही दुसरं नाव काढलंत ते हेच. म्हणजे आधी खोटा पेपर फोडलात आणि मग खरा. मी जन्मभर याच माणसांच्या मागावर होतो, पण इतका बिलंदर बघितला नाही."

"बाबा, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं!" जावयाला घाम फुटला. "काल दिवसभर जिने चढून दमलो होतो. त्याला बेड्या घातल्या इथवर बघितलं. पुढे... झोप लागली. मला वाटलं, संपलं. तुम्ही चिडलात म्हणून तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं."

आता आणखी बोलणी बसणार, म्हणून सासूबाई पाणी आणायला उठल्या. पण कंट्रोलरसाहेबांचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुमचा संशय कुणावर होता?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पहिल्या भागापासून पाद्र्यावर. तुमचा?"

"जमीनदाराच्या पुतण्यावर. पैज लावायला तयार होतो." साहेबांनी जावयाला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. "आपण डोळ्यांत तेल घालून सगळे भाग बघितले आणि आपल्याला ओळखता आलं नाही. यांनी शेवट न बघता बरोबर नाव सांगितलं."

"अंदाजपंचे होतं हो, बाबा."

"नम्र आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी आपली खुर्ची जावयाच्या स्टुलाच्या अगदी जवळ सरकवली. "बरं झालं विषय निघाला. आमच्या मजल्यावरच्या कुंड्या एकेक करून नाहीशा होतायत. शेवंती गेली, कोरफड गेली. आता सांगतो, तिथे कोण कोण राहतं. तुम्ही फक्त ऐका आणि—"

कंट्रोलरसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"असं नाही डॉक्टर," ते म्हणाले आणि आपल्या पलंगावरची उशी त्यांनी स्वतः झटकून सारखी केली. "आधी त्यांना जरा झोपू द्या."