सुभेदारांचा मतदारसंघ

वडूजच्या आमच्या गल्लीत चहा मागवायचा असेल, तर सुभेदार तात्यांच्या देखत मागवू नये. ते आधी मतदान घेतात. सहाजण चहाचे, तिघे कॉफीचे आणि मी एकटा बिनसाखरेचा निघालो, की बहुमताचा चहा सगळ्यांच्या गळ्यात मारायला त्यांचा सक्त विरोध. "हारलेली मतं बी माणसांचीच अस्त्यात, सर," असं मला बजावून ते हॉटेलवाल्याला प्रमाण समजावत बसतात. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात.

हे खूळ जपानहून आलं. त्यांचा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, की तिथल्या संसदेसाठी माणूस दोन मतं देतो, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या मतासाठी कितीतरी जिल्हे मिळून एक मोठा मतदारसंघ असतो. त्यात पुष्कळ जागा, आणि ज्याला जेवढी मतं त्या प्रमाणात जागा. झालं! तात्या एसटी स्टँडवर भेटेल त्याला धरून सांगू लागले, "सातारा-सांगली मिळून एकच मतदारसंघ करायचा. खासदार पाच. हारला त्यो बी थोडा दिल्लीला गेला पायजे!"

"थोडा म्हंजी कुठला भाग, तात्या?" कुणीतरी विचारलंच.

गणपतीत डीजे की भजन यावर मंडळात जुंपली, तेव्हा तात्यांनी प्रमाण काढलं. डीजेला बराच वेळ, भजनाला थोडा. गणूअण्णा एकटेच लावणी मागत होते. त्यांचं मत वाया जाऊ नये म्हणून लावणी वाजली, ती नेमकी आरती आणि मंत्रपुष्पांजलीच्या मध्ये. हातात तबक घेतलेल्या बायकांना कळेना, थांबावं की पुढं व्हावं. दुसऱ्या दिवशी मंडळानं तात्यांना सन्मानानं मार्गदर्शक केलं, म्हणजे कारभारातून काढलं.

पण गेल्या काही दिवसांपासून हसू येईनासं झालं होतं. न्हाणीत त्यांना चक्कर आली, आणि तेव्हापासून मुलांचे फोन सुरू झाले. फोन वाजला की तात्या दचकायचे. "पोरांचं कायतरी शिजतंय, सर," एवढंच म्हणायचे, माझ्या ओट्यावर बसायचे आणि चहा न घेताच उठून जायचे.

रविवारी दोघं मुलं गाडी घेऊन आली. शेजारी म्हणून मलाही बोलावलं. थोरला बाळू साताऱ्याला कारखान्यात, धाकटा सांगलीला. थोरल्यानं घसा खाकरला.

"तात्या, तुमी दोघंच हितं ऱ्हायचं न्हाई आता. आमची घरं दोन-दोन खोल्यांची. आई माझ्याकडं, तुमी सांगलीला. तुमच्याच हिशोबानं केलंय बगा. दोघांस्नी सारखं."

पोरं वाईट नव्हती. पण तात्यांच्या बायकोची, आक्कांची पिशवी डिकीत जाऊन बसलीसुद्धा होती.

तात्या आता भांडतील असं मला वाटलं.

"प्रमाणात वाटायला जागा लय लागत्यात रं," ते कसेबसे म्हणाले. "एकच जागा असली, तर वाटता येत न्हाई. आमी दोघं मिळून एकच जागा हाय."

"आईला तरी इचारलंय का तुमी?" थोरला म्हणाला.

तात्यांचा चेहरा उतरला. गल्लीतल्या शेंबड्या पोराचंही मत घेणारा हा माणूस स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिला. साताऱ्याला नातू होता, नळाला रोज पाणी होतं. आक्कांना जावंसं वाटत असेल तर? मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

"बाळू, माझी पिशवी काढ गाडीतनं. रातच्याला ह्यास्नी कायबी झालं तर तितं कुणाला कळायचं? मला ह्यांनी नुसती कूस बदलली तरी जाग येती. न्यायचं तर दोघांस्नी न्या, न्हायतर हितंच ऱ्हाऊ द्या."

बाळू उठायच्या आत तात्याच अनवाणी बाहेर धावले. डिकी काही त्यांना उघडेना. धाकटा किल्ली घेऊन पोचला, तेव्हा ते गाडीला धरून लहान मुलासारखे रडत होते.