मशीन आईने कोणाला दिलं?

सुरक्षा ही अशी चीज आहे, की ती पुरेशी असते तोवर तिची कोणी विचारपूस करत नाही, आणि अपुरी पडली की "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणणाऱ्यांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत. वजनमापे तपासणी कार्यालयात नेमकं हेच झालं. एका सकाळी सर्वांच्या फोनवर 'आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे' असा मेसेज आला आणि एक माणूस सोडून अख्ख्या कार्यालयाने (साहेबांसह, कोणत्याही यशात साहेबांना वगळण्याची पद्धत नाही) खालच्या लिंकवर बोट ठेवलं. कोणी काही मागवलेलं नव्हतं. पण आलंच आहे तर परत कशाला जाऊ द्या, असा समंजस विचार प्रत्येकाने आपापल्या टेबलावर स्वतंत्रपणे केला.

वाचलेला एकमेव माणूस म्हणजे वरिष्ठ तपासनीस. त्यांचा फोन त्या वेळी घरी बादलीत, पँटच्या खिशात भिजत पडला होता. ही दूरदृष्टी पाहून साहेबांनी त्यांना त्याच दुपारी 'ऑनलाइन सुरक्षा समन्वयक' नेमलं. (मूळ कामात सवलत नाही. वेगळी खुर्ची नाही. पाटी मात्र मिळेल.)

निवड चुकीची होती असं म्हणता येणार नाही. तपासनिसांची सगळी नोकरी दुकानदारांच्या तराजूखाली हात घालून पाहण्यात गेली होती. पारड्याला चिकटवलेलं चुंबक ते वासावरून ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. आता तोच हात त्यांनी पासवर्डला लावला. पासवर्ड दर सोमवारी बदलायचा, त्यात निदान एक चिन्ह असं असावं की जे कीबोर्डवर सहज सापडणार नाही, आणि तो कुठेही लिहून ठेवायचा नाही, असा हुकूम निघाला. परिणाम उत्तम झाला. सोमवारी सकाळी ठरवलेला पासवर्ड दुपारच्या चहापर्यंत कोणालाच आठवेनासा झाला. कर्मचारीच आत शिरू शकेनात, तिथे चोर काय शिरणार? काम निम्म्यावर आलं, म्हणजे चोरण्याजोगी माहितीही निम्मी झाली, म्हणजे हिशेबाने सुरक्षा दुप्पट झाली. अहवालात तसं नमूद आहे.

पण हल्लीचे चोर पासवर्डच्या नादी लागत नाहीत, हे तपासनिसांनी वाचलं होतं. हल्ली ते नात्यातून येतात. आवाजाचा एवढासा तुकडा मिळाला की यंत्र त्यावरून तुमच्या सख्ख्या मावशीला बोलतं करतं, आणि खऱ्या मावशीपेक्षा मुद्द्याचं बोलतं करतं. म्हणून त्यांनी फसव्या फोनची तीन लक्षणं ठरवली: घाई, गोडी आणि ओळखीचा आवाज. यातली दोन जरी आढळली तरी समोरचा तोतया समजावा. (अनोळखी आवाज त्या मानाने सुरक्षित, कारण त्याची नक्कल करण्याची तसदी कोण घेणार?) शिवाय प्रत्येकाने नातेवाइकांसाठी एक गुप्त प्रश्न ठरवावा, ज्याचं उत्तर घरच्याखेरीज कोणाला ठाऊक नसेल.

प्रशिक्षणाच्या दिवशी साहेब म्हणाले, एखादं उदाहरण द्या. तपासनिसांच्या तोंडून निघून गेलं, "शिलाई मशीन आईने कोणाला दिलं? उत्तर: धाकट्या बहिणीला नव्हे, मला." हे शेवटचं 'मला' त्यांनी इतक्या पोटातून म्हटलं की सभागृहात टाळ्या पडल्या. जनतेनेही सावध व्हावं या सद्हेतूने त्या भाषणाचा व्हिडिओ कार्यालयाच्या पानावर सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. गुप्त प्रश्न, गुप्त उत्तर आणि तपासनिसांचा आवाज, तिन्ही एकाच ठिकाणी, शोधाशोध नको.

त्या मशीनबद्दल सांगायला हवं. आई गेली तेव्हा ते तपासनिसांच्या घरी आलं. आईने शेवटच्या आजारपणात "दादा, हे तुझं" म्हटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या बहिणीचं म्हणणं, आईने तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन "तूच घेऊन जा" असं सांगितलं होतं. दोघांखेरीज साक्षीदार नाही. त्यावरून बोलणं बंद झालं ते झालंच. बहीण शिवणाचे वर्ग घेते, कॉलरला अस्तर कसं लावावं याचे तिचे व्हिडिओ दूरदूरचे लोक पाहतात, आणि वर्गाला सुट्टी असली तर तीही कारणासकट त्यातच जाहीर होते. तपासनिसांना सुईत दोराही ओवता येत नाही. मशीन त्यांच्या झोपायच्या खोलीत चादरीखाली उभं असतं आणि त्यावर ते चष्मा ठेवतात.

एका संध्याकाळी फोन वाजला. "दादा, मी बोलतेय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे गुरुवारी. हे बोटीवर आहेत. सोबतीला येशील?"

इतक्या वर्षांनी 'दादा' कानावर आलं होतं. पण पदाची जबाबदारी होती. आवाज ओळखीचा, हे एक. गुरुवार म्हणजे घाई, हे दुसरं. गोडी तेवढी नव्हती, पण दोन पुरेशी होती. त्यांनी घसा खाकरून गुप्त प्रश्न विचारला.

पलीकडून उत्तर आलं, "मला."

"उत्तर चूक आहे," तपासनीस म्हणाले, आणि नियमाप्रमाणे नंबर ब्लॉक केला. मग त्यांना जेवण गेलं नाही.

बायको समोर बसून ऐकत होती. "अहो, ती धाकटीच होती."

"मग उत्तर कसं चुकलं?"

"धाकटीच होती म्हणून."

सुरक्षेच्या शास्त्रात या युक्तिवादाला जागा नसल्याने तपासनिसांनी तो फेटाळला. पण नंबर ब्लॉकमधून काढावा की काय, असं त्यांना दोनतीनदा वाटून गेलं. फोन हातात घ्यायचा, खाली ठेवायचा, असं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच नंबरावरून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी त्यांनी आधी प्रश्न विचारला, नमस्कार नंतर.

"तुला, दादा," आवाज म्हणाला. "मशीन आईने तुलाच दिलं होतं. चूक माझीच होती."

तपासनीस पलंगाच्या कडेवर बसले. हे वाक्य ऐकायला ते किती वर्षं थांबले होते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले. इस्पितळात सोबतीच्या माणसाची नोंद करायची आहे, त्यासाठी तुझ्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखव, असं आवाजाने सांगितलं. त्यांनी चादरीवरून चष्मा उचलला, पुसला आणि आकडा वाचून दाखवला. तिच्याकडून चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा वाचला. "सावकाश सांग, घाई नाही," असं आवाज म्हणाला, तेव्हा तर घाईचंही लक्षण उरलं नाही.

थोड्याच वेळात तपासनिसांचं खातं परक्याच्या हातात गेलं आणि फोन ठप्प झाला. त्यांच्या नावाने सगळ्या कार्यालयाला 'तातडीची सुरक्षा चाचणी, येथे दाबा' असा आदेश गेला. समन्वयकांचा आदेश, तेव्हा सगळ्यांनी दाबलं. साहेबांनी दोनदा दाबलं. याही खेपेला वाचलेला माणूस एकच: ज्याचा फोन बंद होता तो.

एक मेसेज बहिणीलाही गेला. 'लाडक्या बहिणीस, मशीन तुझंच होतं. मी चुकलो. मला माफ कर. तुला आलेला आकडा कळव.' बहिणीने तो 'मी चुकलो'पर्यंत वाचला, तक्रार केंद्राला फोन लावला आणि पहिली बस पकडून भावाचं घर गाठलं.

दार अर्धवट उघडलं. साखळी तशीच होती.

"दादा, तुझं खातं कोणीतरी पळवलंय."

"तुला कसं कळलं?"

"तू चुकलास असं लिहिलं होतं त्यात."

फटीतून तपासनीस तिच्याकडे पाहत राहिले. कालपासून त्यांचा आवाजांवरचाच काय, चेहऱ्यांवरचाही विश्वास उडाला होता. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आणि मशीन?"

"माझं," बहीण म्हणाली.

त्यांनी साखळी काढली आणि दार सताड उघडलं.

गुरुवारी ते इस्पितळात तिच्या उशाशी बसले होते. आत नेईपर्यंत दोघांचं जुंपलेलंच होतं. मशीनच्या खणात आईने सुया कोणाच्या शिवणाच्या मापाच्या ठेवल्यात ते उघडून बघ, असं ती म्हणत होती, आणि सुयांना माप असतं हे त्यांना त्याच दिवशी कळत होतं. परिचारिकेने दोघांनाही गप्प केलं. आवाज न चढवता भांडा, असं तिने सांगितलं. इतकं बरं तपासनिसांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सुधारित परिपत्रक निघालं. जुनी तिन्ही लक्षणं रद्द. नवं लक्षण एकच: जो आपणहून स्वतःची चूक कबूल करील, तो आपल्यातला नव्हे. तेव्हापासून कार्यालयात फसवणुकीचा एकही प्रकार घडलेला नाही. खरे कर्मचारी दुरूनच ओळखू येतात. साहेबांची ओळख तर कोणी तपासतच नाही.

वाचकांनी काळजी करण्याचं कारण नाही. तुमचे पासवर्ड पक्के आहेत, पार्सलच्या लिंकवर तुम्ही बोट ठेवत नाही, आणि तपासनिसांसारखे तुम्ही भोळे तर मुळीच नाही. एवढंच की, कोणी एकाने फोन करून "चूक माझीच होती" म्हणावं, म्हणून तुम्हीही थांबला आहात. त्याचं नाव आत्ता वाचता वाचता तुमच्या मनात येऊन गेलं. फोन येईल. आवाज हुबेहूब तोच असेल. चष्मा हाताशी असू द्या, आकडा वाचून दाखवायला लागेल.